जी ४७.९, मुक्काम पोस्ट जुन्नर

आजाराला नाव नसलं तरी चालतं, नंबर मात्र लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं जगातल्या यच्चयावत दुखण्यांना नंबर दिले आहेत आणि ते देताना एक मोठी माणुसकी दाखवली आहे. डॉक्टरला काही कळलं नाही, तर ‘कळलं नाही’ यालाही नंबर आहे. झोपेच्या बाबतीत तो जी ४७.९. म्हणजे पेशंटची झोप बिघडली आहे एवढं नक्की; कशानं बिघडली ते कागदावर नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत रात्री डोळ्याला डोळा न लागणारी जेवढी माणसं आहेत, ती सगळी या एका नंबरात आरामात बसतात. सकाळच्या एसटीत बसत नाहीत, पण नंबरात बसतात.

ही यादी मुळात मेलेल्यांसाठी होती. ज्याक बर्तियों नावाच्या फ्रेंच आकडेतज्ज्ञानं १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. जिवंत माणसाच्या आजारांना तिच्यात जागा मिळाली ती १९४८च्या सहाव्या आवृत्तीत. तोवर पंचावन्न वर्षं नंबर हवा असेल तर मरावं लागायचं. १९९०च्या दहाव्या आवृत्तीत झोप दोन भावांत वाटणी झालेल्या वावरासारखी तुटली होती. शरीरामुळं बिघडलेली झोप ‘जी’ प्रकरणात, मनामुळं बिघडलेली ‘एफ’ प्रकरणात, आणि बांधावर डॉक्टर. १ जानेवारी २०२२पासून अकरावी आवृत्ती लागू झाली आणि तिनं झोपेला स्वतःचं सातवं प्रकरण दिलं. स्वतंत्र घर झालं. त्या घरातही शेवटची खोली ‘तपशील नाही’ यासाठीच राखून ठेवली आहे.

पुण्यात हे नंबर लावण्याचा मोठा धंदा आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद इकडं येतात आणि फार्मसी, नर्सिंग, बीएस्सी झालेली मुलं ते वाचून एकेका दुखण्याला नंबर चिकटवतात. याला मेडिकल कोडिंग म्हणायचं. बायोडेटात ‘मेडिकल कोडर’ असं दिसलं की मुलीकडच्यांना एकाच स्थळात डॉक्टरही मिळाला आणि कॉम्प्युटरवालाही मिळाला असं वाटतं. या कामाचे नियम मात्र कडक आहेत. डॉक्टरनं जे लिहिलं नाही ते कोडरनं आपल्या मनानं लिहायचं नाही. बाह्यरुग्ण असेल तर ‘संशय आहे’, ‘असावं’ असल्या शब्दांवर नंबर लावायचा नाही. आणि जेवढं नेमकं लिहिता येईल तेवढं नेमकं लिहायचं. ‘तपशील नाही’ हा नंबर अगदीच इलाज नसेल तेव्हाचा. तो फार वेळा दिसला की तिकडचा विमावाला भुवई उंचावतो आणि कागद परत पाठवतो. नीट सांगा, म्हणतो.

तेव्हा ओहायोतल्या कुणा म्हाताऱ्याची झोप घोरण्यानं मोडते की पाय झटकण्यानं, याचा छडा आपलं पोरगं खराडीत बसून लावतं. त्याचा बाप ओतूरला उसाच्या सरीत बॅटरी घेऊन उभा असतो. त्याच्या झोपेचा कागद कुठूनच परत येत नाही, कारण तो कुठं जातच नाही. आमच्याकडं केसपेपरवर ‘झोप नाही’ एवढं लिहून खाली गोळी लिहिली की संपलं. विम्याचं म्हणाल तर बहुतेक पॉलिसींना किमान २४ तास दवाखान्यात भरती झालेला माणूस लागतो. न झोपणारा माणूस २४ तास आडवा कसा पडेल हे त्या पॉलिसीनंच सांगावं.

आता ती झोप जाते कुठं ते बघू. त्यासाठी तज्ज्ञ बोलवायला नको, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कॅरेट उतरवणाऱ्या कुणालाही विचारा. बिबट्या आणि लाईट, ही दोन कारणं तो कॅरेट खाली न ठेवता सांगेल.

आधी बिबट्या. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, उसामागून विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने आले, आणि उसात बिबट्या आला. आला म्हणजे राहिला. आता तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो आणि तोड सुरू झाली की पिल्लांसकट उघड्यावर येतो. सह्याद्रीचं जंगल त्यानं पाहिलंही नसेल. त्याचा पत्ता गट नंबरानं सांगावा लागेल.

या बिबट्याची वैद्यकीय नोंद कशी होते? दहाव्या आवृत्तीत बाहेरून होणाऱ्या इजांचीही यादी आहे. उंदीर चावला तर डब्ल्यू ५३. कुत्रा चावला तर ५४. मगरीला स्वतंत्र ५८. अमेरिकेनं तर आपल्या आवृत्तीत कमाल केली आहे. तिथं पोपट चावल्याचा वेगळा नंबर आहे, बदकानं धडक दिल्याचा वेगळा आहे आणि समुद्रातल्या ऑर्का माशानं धडक दिल्याचाही आहे. (ऑर्का मासा नव्हे, सस्तन प्राणी, असं पत्र येण्याआधीच लिहून ठेवतो.) बिबट्या मात्र डब्ल्यू ५५मध्ये, ‘इतर सस्तन प्राणी’ या गर्दीत. अमेरिकन आवृत्तीत त्या गर्दीतही मांजर, घोडा, गाय, डुक्कर आणि रकून यांना राखीव जागा आहे. बिबट्या तिथंही उभाच. पुढं ठिकाणाचा आकडा जोडायची सोय आहे आणि शेताचा आकडा ७. म्हणजे डब्ल्यू ५५.७, शेतात इतर सस्तन प्राण्यानं चावणे किंवा मारणे. आमच्या उसात जे होतं ते जिनिव्हातल्या लोकांनी कधीच लिहून ठेवलं आहे, फक्त प्राण्याचं नाव राहिलं.

पण हा नंबर मिळवायचा तर बिबट्या चावावा लागतो. न चावलेल्या बिबट्याचं काय? कारण बिबट्या चावतो थोड्यांना, पण जागवतो सगळ्यांना. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड आणि जांबूतच्या परिसरात, काही आठवड्यांत तीन जीव गेले. त्यातली दोन मुलं होती. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक रस्ता अडवला. बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. जो पट्टा धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असायचा, तो. गळ्याला खिळे लावून खुरपणी करणाऱ्या बाईला रात्री झोप का येत नाही, हे जर कुणी ‘तपशील नाही’ या खात्यात टाकणार असेल, तर तपशील म्हणजे त्याला काय पाहिजे हे त्यानं एकदा सांगावं.

सरकारकडं तक्ता आहे, नाही असं नाही. वन्यप्राण्यानं माणूस मारला तर २५ लाख रुपये. जखमींचे दर वेगळे. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांचेही दर ठरलेले. शेळी गेली की पंचनामा होतो, फोटो निघतो, पावलांचे ठसे मोजले जातात. शेळीची राखण करत वर्षभर ओट्यावर बसलेल्या माणसाचा रकाना तक्त्यात नाही. बरं, मोजदादीचं या भागाला वावडं आहे असंही नाही. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागणिका राणीचा लेख आहे. यज्ञात किती गायी दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणं, सगळं दोन हजार वर्षांपूर्वी आकड्यांत कोरून ठेवलं आहे. देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते. तेव्हाही घाटाखाली रात्री जागणाऱ्या पहारेकऱ्यांचा आकडा कुणी कोरला नाही. परंपरा जुनी आहे.

दुसरं कारण लाईट. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की रात्री दारं धरायला जायचं. पाणी सरीत शिरलं की माणूसही सरीत, आणि बिबट्या तिथला कायमचा रहिवासी. बिबट्याच्या टापूत तरी दिवसा लाईट द्या ही मागणी इतकी जुनी झाली आहे की तिलाच आता संरक्षित स्मारक करायला हरकत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ साली तिच्यापुढं २.० असं लागलं. सौर विजेचा एक गुण मात्र मानला पाहिजे. कितीही ठरवलं तरी खात्याला ती रात्रीची देता येत नाही.

आता गंमत बघा. पाळीच्या कामामुळं झोप बिघडते याला अकराव्या आवृत्तीत स्वतंत्र नंबर आहे, ७ए६४. नर्स, वॉचमन, कारखान्यातला कामगार यांच्यासाठी तो अगदी चपखल. शेतकऱ्याला तो कोण लावणार? शेतकरी कागदावर मालक. मालकाला कुठं पाळी असते! त्याहून पुढची गंमत अशी की दहाव्या आवृत्तीत झेड ५६.३ असाही एक नंबर आहे, कामाच्या वेळापत्रकाचा ताण. आणि झेड ६५.५, आपत्तीला तोंड द्यावं लागणं. तो आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यासाठी. ३० जुलै २०१४ला माळीणवर डोंगर आला आणि १५१ माणसं गेली. त्यानंतर पावसाळ्यात डोंगराच्या कुशीतल्या वाड्यावस्त्यांवर झोप का येत नाही, हे सांगायला मेंदूचा आलेख काढावा लागत नाही. म्हणजे जगानं रकाने करून ठेवले आहेत. कारण शरीराबाहेर असू शकतं, घड्याळात असू शकतं, डोंगरात असू शकतं, हे त्यांनी कधीच मान्य केलं आहे. पण या झेडच्या नंबरांवर कुणी बिल देत नाही, आणि ज्याच्यावर बिल मिळत नाही तो नंबर डॉक्टरच्या पेनातून उतरत नाही. ही अडचण अमेरिकेतही आहे. तेवढ्यापुरते आपण महासत्ता झालो आहोत.

झोप हा हक्क आहे का? आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलं की झोप हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांना मध्यरात्री पोलिसांनी उठवलं, त्या प्रकरणात. मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. ईडीनं एका ज्येष्ठ नागरिकाचा जबाब पहाटे साडेतीनपर्यंत घेतला होता. न्यायालय म्हणालं की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, जबाब योग्य वेळीच घ्या आणि तसं परिपत्रक काढा. म्हणजे ईडीनं जागवलं तर २१वं कलम आडवं येतं. रात्रीची लाईट सोडणाऱ्या फीडरनं जागवलं तर येत नाही. आमच्या शेतकऱ्यानं एवढे पैसे कमवायला हवेत की ईडी दारात येईल. मग त्याला रात्री शांत झोपता येईल.

आणि शांतता राखता येत नाही असंही नाही. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश रात्रंदिवस आकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत ऐकत असतात. या दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल म्हणून पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आखलेला मार्ग बदलावा लागला. बदलला ते योग्यच, दुर्बीण जगात नावाजलेली आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त एवढंच लक्षात आलं की ज्यांना लाखो वर्षांपूर्वीच्या ताऱ्यांचं ऐकायचं असतं त्यांच्यासाठी आख्खी रेल्वे वळते, आणि शेजारच्या वावरातल्या माणसासाठी लाईटचं आठ तासांचं वेळापत्रक वळत नाही.

नाही म्हणायला रात्र जागवण्याची सवय आम्हाला आहेच. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. पण तमाशाला माणूस आपल्या पायानं जातो आणि सकाळी येऊन दुपारपर्यंत ताणून देतो. त्याला कुणी विकार म्हटलेलं नाही. घरच्यांनी म्हटलं असेल.

आता उपचार. झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडं गेलं की गोळीबरोबर एक छापील कागदही मिळतो, चांगल्या झोपेच्या सवयींचा. रोज ठरलेल्या वेळी झोपा, ठरलेल्या वेळी उठा. कुठल्या आठवड्याच्या वेळी ते लिहिलेलं नसतं. झोपायच्या खोलीत अंधार ठेवा. वनखातं म्हणतं, घराभोवती आणि गोठ्यापाशी रात्रभर दिवा ठेवा. मोबाईल उशाशी नको, असं डॉक्टर म्हणतात. पण विहिरीवरची मोटर चालू झाली की बंद पडली हे त्या मोबाईलवरच कळतं, आणि वनखात्याचा सल्ला तर असा की रात्री बाहेर पडाल तेव्हा मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा. संध्याकाळी जेवणानंतर चालून या. वनखातं म्हणतं, अंधार पडल्यावर एकट्यानं फिरू नका, हातात काठी घ्या, वाकून बसू नका. कागदाच्या शेवटी असतं की चिंता करू नका. दोन्ही कागद खरे आहेत, दोन्ही तज्ज्ञांनी लिहिले आहेत आणि दोन्ही एकाच भिंतीवर एकाच खिळ्याला लटकलेले असतात. खाली म्हातारी जागी असते.

निदान न करता दिलेला उपचार काय करतो याचा धडा या भागानं जगाला आधीच दिला आहे, तोही माणसावर नाही, बिबट्यावर. २००१ नंतर जुन्नर वनविभागात पिंजरे लावून बिबटे धरायचे आणि लांबच्या जंगलात सोडायचे असा धडाका सुरू झाला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. आधीच्या वर्षांत माणसांवर सरासरी चार हल्ले व्हायचे, ते या काळात वर्षाला सतरापर्यंत गेले. बिबट्या उचलला की दुखणं उचललं असं वाटलं होतं. प्रत्यक्षात घर हरवलेला, चवताळलेला बिबट्या दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडला जात होता आणि रिकाम्या झालेल्या उसात नवा भाडेकरू येत होता. दुखणं कुठं आहे हे न विचारता दिलेली ती झोपेची गोळी होती. आजही गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची असते. पिंजरा दिसतो, ट्रॅक्टरला लावून मिरवता येतो, पुढाऱ्याला त्याच्याशेजारी उभं राहता येतं. दिवसा आलेल्या लाईटशेजारी उभं राहून फोटो काढला तर त्यात काहीच दिसत नाही.

म्हणून मला त्या जी ४७.९चा राग येत नाही. डॉक्टर जेव्हा तो नंबर लिहितो तेव्हा तो प्रामाणिक असतो. आत्ता मला कळलं नाही, पुढच्या खेपेला बघू, असं तो सांगत असतो. पुढच्या खेपेला नंबर बदलायचा असतो, हीच त्या पद्धतीची शिस्त. खातं जेव्हा तेच लिहितं तेव्हा पुढची खेप येत नाही. वनखातं म्हणतं बिबट्या आमचा, पण वेळापत्रक वीजवाल्यांचं. वीजवाले म्हणतात भार विभागून द्यावा लागतो, बिबट्या आमचा नाही. आरोग्य खातं म्हणतं गोळ्या उपलब्ध आहेत. तिघांचंही खरं, आणि तिघांच्या मध्ये जी जागा उरते तिथं माणूस बॅटरी घेऊन उभा.

तेव्हा मंचरच्या, नारायणगावच्या, घोडेगावच्या डॉक्टरांना माझी एक आगाऊ सूचना आहे. झोप नाही म्हणून आलेल्या शेतकऱ्याला एकच प्रश्न जास्तीचा विचारा, फीडर कुठला? जी ४७.९ लिहा, खाली झेड ५६.३ लिहा आणि कंसात फीडरचं नाव टाका. बिल कुणी देणार नाही. पण वर्षभरानं केसपेपर फीडरवार लावून बघितले तर कुठल्या डीपीखाली किती तालुका जागा आहे ते कळेल, आणि ‘तपशील नाही’ असं म्हणायला तरी कुणाला तोंड राहणार नाही.

झोपेची गोळी मात्र जरा जपून लिहा. ती घेऊन माणूस खरंच झोपला, रात्री लाईट येऊन पहाटे गेली आणि रान कोरडंच राहून वाळलं, तर मात्र कारण शोधायला कुणालाही वेळ लागणार नाही. तिन्ही खाती एका सुरात सांगतील की शेतकरी झोपला होता.